घरात शिरतानाच घर सोडायचा दिवस डोळ्यांपुढे ठेव

पत्र

ताई, मी मूळची लातूरची. पुण्यात एका खासगी रुग्णालयात नर्स आहे आणि आतापर्यंत हॉस्टेलवरच राहिले. आता धाकटा भाऊ परीक्षेच्या तयारीसाठी इकडे येतोय, म्हणून पहिल्यांदाच भाड्याने घर शोधतेय. एक वन बीएचके आवडलाय. भाडं १६ हजार, डिपॉझिट ५० हजार. एजंट म्हणतो, आजच ५ हजार टोकन द्या, नाहीतर घर जाईल. मालक म्हणतात, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, रजिस्टर करारात उगाच पैसे जातात. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "आमच्यावर विश्वास नाही का?" आई म्हणते, माणसं चांगली वाटतात, कागदावरून वाद घालू नकोस. पण माझ्या मैत्रिणीने नुकतंच घर सोडलं, तर ४० हजारांतले १८ हजारच हातात आले. बाकीचे रंग आणि साफसफाईच्या नावाने कापले. मला भीती वाटते. घर बघण्यापासून सोडण्यापर्यंत काय काय सांभाळायचं, ते सांगाल का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

तुझं पत्र वाचलं. तू माझ्याहून बरीच लहान आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

टोकन आज देऊ नकोस. 'आजच द्या' हे वाक्य भाड्याच्या बाजारात रोज ऐकू येतं आणि त्या घाईतच बहुतेकांचे पैसे अडकतात. टोकन देण्यात गैर काही नाही, पण त्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात. घर तू स्वतः आतून पाहिलेलं असावं. मालकाशी प्रत्यक्ष बोलणं झालेलं असावं. आणि घर त्यांचंच आहे हे दाखवणारा एखादा कागद तू पाहिलेला असावा: खरेदीखताचा इंडेक्स-टू, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल, यांपैकी काहीही. त्यावरचं नाव आणि मालकाच्या आधार कार्डावरचं नाव जुळतंय का बघ. घर दोघांच्या नावावर असेल तर करारावर दोघांच्या सह्या हव्यात. मालक परदेशात असतील आणि भाऊ किंवा मेहुणे व्यवहार करत असतील, तर त्यांच्याकडे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, आहे का ते विचार. हे बघितल्यावर टोकन बँकेतून किंवा यूपीआयने थेट मालकाच्या खात्यावर टाक आणि लगेच व्हॉट्सअॅपवर लिही: "टोकनचे ५,००० पाठवले. हे डिपॉझिटमधून वळते होतील. तुमच्या बाजूने करार झाला नाही तर परत मिळतील." समोरून "ओके" आलं की पुढे जायचं.

भाऊ ऑनलाइन घरं शोधत असेल तर त्याला एक गोष्ट बजावून ठेव. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्या मानाने फारच कमी, मालक म्हणतो मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर दाखवायला येता येत नाही, आधी थोडे पैसे पाठवा किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुमचे पैसे परत येतील. ही उघड फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

आणि एजंटची दलाली किती, ती कधी द्यायची, अकरा महिन्यांनी करार पुन्हा केला तर तो परत दलाली मागणार का, हे आत्ताच विचारून घे. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

आता घराकडे वळू. तू ते किती वाजता पाहिलंस? एजंट साधारण दुपारी दाखवतात, तेव्हा उजेड भरपूर असतो आणि सोसायटी शांत असते. एकदा सकाळी पाण्याच्या वेळेला जा आणि एकदा रात्री, तुझी शिफ्ट सुटते त्या सुमाराला. तुझ्यासाठी रात्रीची फेरी जास्त महत्त्वाची. स्टॉपपासून फाटकापर्यंतच्या गल्लीत दिवे आहेत का, फाटक किती वाजता बंद होतं, उशिरा आल्यावर कोण उघडतं, हे स्वतः चालून बघ. सकाळी स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा नळ एकदमच सोड, धार किती राहते बघ. फ्लश ओढ. गीझर चालू करून पाणी खरंच तापतंय का बघ. नळाला महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, बोअरचं किती, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे एजंटपेक्षा वॉचमन किंवा समोरच्या दारातल्या काकू खरं सांगतील. त्यांच्याशी पाच मिनिटं बोल. आधीचे भाडेकरू का गेले, हेही सहज विचार. भिंतींवर हात फिरव, विशेषतः बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर छतही नीट बघ. ताज्या रंगाखाली ओल असली तर हाताला गारवा लागतो, कडेला पोपडे दिसतात. आधीचं लाइट बिल माग आणि त्यावरच्या ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या अॅपवर थकबाकी आहे का ते पाहून घे. पाइपचा गॅस असेल तर त्याचंही बघ.

आता मुख्य गोष्ट, रजिस्टर कराराची.

नोटरीमुळे करार चालतो, अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असा एक समज पसरलेला आहे. तो कुठून आला तेही सांगते. १९०८ च्या केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की, घर लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी) दिलेलं असो की भाड्याने, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने आहे की तीन वर्षं, याने काही फरक पडत नाही. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळली आणि गुन्हा सिद्ध झाला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तू हट्ट करतेयस असं मनात आणू नकोस. त्यांनी जे करायलाच हवं, त्याची तू आठवण करून देतेयस.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जाईल. हे वाचून कुणी म्हणेल, मग नोंदणी नसलेलीच बरी की! तसं नाही. ही तरतूद उपयोगी पडते ती कोर्टाची पायरी चढल्यावर. तोपर्यंत तुझे पन्नास हजार त्यांच्याच खात्यात असतात. शिवाय पत्त्याचा पुरावा म्हणून बँक, पासपोर्ट, गॅस, ऑफिसचं एचआर, सगळीकडे रजिस्टर करार सरळ चालतो. नोटरीच्या कागदावर अनेक ठिकाणी अडवतात.

खर्च किती येतो तेही बघू, कारण 'उगाच पैसे जातात' हे वाक्य आकडा समोर नसला की फार मोठं वाटतं. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुझं अकरा महिन्यांचं भाडं १ लाख ७६ हजार. ५० हजारांवरचं अकरा महिन्यांचं व्याज साधारण ४,६००. बेरीज १ लाख ८० हजारांच्या थोडी वर. तिचे ०.२५ टक्के म्हणजे साडेचारशे, वरच्या शंभरात धरले तर ५०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. त्यावर थोडा किरकोळ खर्च आणि एजंटकडून करून घेतलंत तर त्याची फी. ५० हजारांच्या सुरक्षेसाठी हा खर्च फार नाही. दोघांत निम्मा निम्मा करा. मालक अगदीच तयार नसतील तर सगळा तू दे, पण करार रजिस्टरच कर. नोंदणी घरबसल्या होते: नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय आहे, माणूस थंब मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, आधारवरून दोन्ही बाजूंची ओळख पटवतो आणि मंजुरी मिळाली की कराराची पीडीएफ हातात येते.

राहिला तो 'विश्वास नाही का' हा प्रश्न. तो ऐकला की आपल्याकडच्या मुली गप्प होतात, मोठ्या माणसांचा मान राखायचा म्हणून. मान राखूनच बोल. असं म्हणून बघ: "काका, विश्वास आहे म्हणूनच तुमच्या घरात राहायला येतेय. पण ऑफिसात एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यासाठी, आणि पोलिसांत माहिती देण्यासाठी मला रजिस्टर करार लागतो. आणि काका, तो तुमच्याही फायद्याचा आहे, मुदत संपल्यावर घर परत मिळायला तुम्हालाच तो लागेल." यात एक शब्दही खोटा नाही. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सवाल्याने घर सोडायचं असतं. नाही सोडलं तर मालक अशा वादांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि जादा राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागू शकतात. इतकं सांगूनही ते नाहीच म्हणाले, तर हे घर सोडून दे. मी हे मनापासून सांगते. दुसरं घर शोधताना चार सुट्ट्या जातील, हे खरं आहे. पण जो माणूस पहिल्या दिवशी कागदावर सही करायला तयार नाही, तो शेवटच्या दिवशी पन्नास हजार सुखासुखी देईल अशी आशा धरू नये. आईलाही एवढंच सांग की हा वाद नाही. चांगल्या माणसांमध्येही वर्षभरापूर्वी काय ठरलं होतं, हे दोघांना वेगवेगळं आठवतं.

कराराचा मसुदा थंब द्यायच्या आदल्या दिवशी मागवून घे आणि रात्री शांतपणे वाच. मशीन समोर आल्यावर कुणी वाचत नाही. याच कलम २४ मध्ये असंही आहे की, लेखी करारात जे लिहिलंय ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणजे तोंडी काहीही ठरलेलं असो, उद्या कागदच बोलणार.

मसुद्यात सगळ्यात आधी रंगाचं वाक्य शोध. तुझ्या मैत्रिणीचे पैसे बहुधा तिथेच गेले असणार. 'घर सोडताना रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल' अशी ओळ अनेक एजंटांच्या छापील मसुद्यात आधीपासूनच असते आणि तिच्यात रक्कम नसते. रक्कम नसलेली अट म्हणजे कोऱ्या चेकवर सही. ती ओळ काढायला सांग. नाहीच काढली तर आकडा टाकून घे आणि त्यापुढे लिहून घे: 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, प्रत्यक्ष नुकसानीचाच खर्च, बिल दाखवून वजा केला जाईल.' वर्षभरात भिंतीचा रंग थोडा मळतो, नळाची चकती झिजते, ही झीज. दारावर भोक पडलं, बेसिन फुटलं, हे नुकसान. पहिल्याचा खर्च मालकाचा, दुसऱ्याचा तुझा. एवढा फरक कागदावर आला की निम्मे वाद उरत नाहीत.

दुसरं वाक्य डिपॉझिट परत करण्याचं. 'घर सोडल्यानंतर डिपॉझिट परत केलं जाईल' एवढं पुरेसं नाही. 'चावी ताब्यात देताना त्याच वेळी' असं हवं. काही मालक सात दिवस मागतात, लाइटचं शेवटचं बिल यायचं असतं म्हणून. तेही चालेल, पण दिवस लिहिलेले हवेत. डिपॉझिट किती घ्यावं यावर आपल्याकडे कायद्याची ठरलेली मर्यादा नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट सुचवलं आहे. पण जे राज्य तो स्वीकारेल तिथेच तो लागू होतो. त्यामुळे इथे बोलून कमी करता आलं तर बघ, दोन महिन्यांचा दाखला द्यायला हरकत नाही.

बाकीच्या अटी भराभर सांगते. भावाचं नाव करारात घालच. नाहीतर उद्या तू नाइटला असताना दारात कुणी विचारलं तर तो तिथे कोण म्हणून राहतो, हे दाखवायला कागद नसेल. आईवडील येऊन राहतील, हेही मालकाला आधीच सांगून ठेव. लॉक-इन किती महिन्यांचा आहे बघ. त्या काळात घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागतात, आणि तुझी नोकरी बदलू शकते. तीन महिन्यांच्या वर मान्य करू नकोस. नोटीस एक महिन्याची, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसतं आणि ते सभासदाने, म्हणजे मालकाने, भरायचं असतं. तुझ्या माथी मारताहेत का बघ. मोठी दुरुस्ती, म्हणजे गळती, वायरिंग, ड्रेनेज, मालकाकडे. बल्ब, नळाचा वॉशर असलं किरकोळ तुझ्याकडे. आणि मालकाने घर बघायला यायचं तर आधी फोन करून यायचं, दुसऱ्या चावीने परस्पर उघडायचं नाही, हे लिहून घे. एकट्या बाईच्या घरासाठी ही ओळ फार कामाची आहे.

आता ज्या दिवशी चावी मिळेल त्या दिवसाचं. डिपॉझिट परत मिळणार की नाही हे खरं तर याच दिवशी ठरतं, आणि लोक नेमके याच दिवशी गॅसची शेगडी आणि गाद्या चढवण्यात अडकलेले असतात. तू नर्स आहेस, तुला हे लगेच कळेल. पेशंट वॉर्डात दाखल होतो तेव्हा त्याच्या अंगावर आधीच कुठे जखम आहे, पाठीवर बेडसोर आहे का, हे तू नोंदवून घेतेस. नंतर कुणी म्हणायला नको की हे इथे झालं. घराच्या बाबतीत तेच कर, सामान आत यायच्या आधी, रिकाम्या घरात.

मोबाइलवर व्हिडिओ सुरू कर. सुरुवात लाइटच्या मीटरपासून, रीडिंगचा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. मग मुख्य दार: कुलूप, कडी, पीपहोल. हॉलच्या चारही भिंती सावकाश, वरून खाली. खिळ्यांची जुनी भोकं जवळून. खिडकीची काच, सरकती जाळी, तिचा फाटलेला कोपरा. प्रत्येक पंखा लावून, रेग्युलेटर एक ते पाच फिरवून. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेचा टवका, सिंकखालचा पाइप, ट्रॉल्या बाहेर ओढून. बाथरूममध्ये तडा गेलेली फरशी, डाग पडलेलं बेसिन, फ्लशचं बटण, गीझरवरची कंपनी. बोलत जा: "बेडरूमच्या वॉर्डरोबचं डावं दार, बिजागरी सैल." दहा मिनिटं लागतील. मग महत्त्वाच्या जागांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला पाठव, सोबत असा मजकूर: "काका, आज घराचा ताबा घेतला. मीटर रीडिंग अमुक. आधीपासूनच्या गोष्टी: ओट्याला टवका, बाथरूमच्या दोन फरशांना तडा, बेडरूमची जाळी फाटलेली, वॉर्डरोबची बिजागरी सैल. फोटो पाठवले आहेत. काही वेगळं वाटलं तर कळवा." फोन बदलला की व्हॉट्सअॅप जातं, म्हणून हेच सगळं स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेव. फर्निचर, गीझर, पंखे, चाव्या किती, याची यादी कराराच्या परिशिष्टात असेलच. ती या व्हिडिओशी ताडून बघ.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम, ऑनलाइन होतं. तू आधार आणि फोटो दे आणि त्या नोंदीची प्रत मागून घे. सोसायटीला कराराची प्रत मालकच देतील. सोसायटीचे पाहुण्यांबद्दलचे, पार्किंगचे नियम मात्र टोकनच्या आधीच विचारलेले बरे.

राहताना फार काही करावं लागत नाही. भाडं रोख देऊ नकोस. दर महिन्याला बँकेतून, 'जुलैचं भाडं' अशी नोंद टाकून. एचआरए घेणार असशील तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. तुझं जातंय, म्हणून करार करतानाच तो मागून घे, मार्चमध्ये धावपळ नको. एचआरएची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, तेही तपासून बघ. काही बिघडलं तर फोनवर बोल, पण पाठोपाठ फोटोसह एक मेसेज टाक. पैसे खर्च करण्यापूर्वी "प्लंबरने ८०० सांगितलेत, करून घेऊ का? पुढच्या भाड्यातून वजा करते" असं विचार आणि "हो" आल्यावरच कर. गळतीकडे दुर्लक्ष करू नकोस. वेळेवर कळवलं नाहीस तर वाढलेलं नुकसान तुझ्यावर येऊ शकतं.

मुदत संपायच्या दोन महिने आधी पुढचं विचार: राहायचंय का, भाडं किती वाढवणार. वाढीचा टक्का पहिल्याच करारात ठरवता आला तर उत्तम. पुढे राहायचं ठरलं तर नवा करार पुन्हा रजिस्टर करायचा. "आपलं ठरलंय की, कागद कशाला" म्हणून करार न करता राहत जाऊ नकोस, दुप्पट भाड्याची तरतूद वर सांगितलीच आहे. आणि कधी बेबनाव झालाच तर हे लक्षात ठेव: घर रिकामं करून घ्यायला मालकांना कायद्याचा रस्ता आहे. तू ड्युटीवर असताना कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, पाणी-वीज तोडणं हा तो रस्ता नव्हे. तसं घडलं तर करार हातात घेऊन तडक पोलिस ठाण्यात जा.

सोडायचं ठरलं की नोटीस मेसेज आणि ईमेल दोन्हीवर दे, शेवटची तारीख लिहून. मग आठवडाभर आधी मालकांना घरी बोलव आणि दोघं मिळून घर फिरा, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ मोबाइलवर उघडून. काय दुरुस्त करायचं ते तेव्हाच ठरलं तर तू स्वतः सुतार किंवा प्लंबर आणून कमी खर्चात करून घेऊ शकतेस. चावी दिल्यानंतर तेच काम मालकांच्या अंदाजाने कापलं जातं. तुझ्या मैत्रिणीसारखे हजारो रुपये जातात ते याच टप्प्यावर. खिळे काढून भोकं पुट्टीने बुजव, ओटा आणि बाथरूम स्वच्छ करून घे, कपाटं रिकामी कर, आणि रिकाम्या घराचा पुन्हा तसाच व्हिडिओ काढ, शेवट मीटरच्या रीडिंगवर. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का, असं विचारायला हरकत नाही, त्याने अडकणारी रक्कम कमी होते. पण त्यांनी लेखी हो म्हटलं तरच. परस्पर भाडं थांबवलंस तर उद्या तीच गोष्ट तुझ्याविरुद्ध वापरतील.

चावी आणि पैसे एकाच वेळी. मालकांसमोर बस, हिशोब कागदावर मांड: डिपॉझिट, वजा लाइट बिल, वजा ठरलेली दुरुस्ती, उरलेली रक्कम. त्यांनी मोबाइलवरून पैसे टाकले, तुझ्या खात्यात आले, मग चाव्या दे आणि त्या कागदावर दोघांनी सही करा: 'अमुक तारखेला घराचा ताबा आणि इतक्या चाव्या मिळाल्या, कुणाचं कुणाकडे काही येणं नाही.' मुदतीच्या आधी सोडत असशील तर हा कागद जास्तच जरुरी आहे, कारण सरकारी नोंदीत तुझा करार अजून चालूच दिसतो. मग बँकेतला, आधारवरचा, गॅसचा पत्ता बदल आणि इंटरनेटचं कनेक्शन बंद कर.

आणि पैसे अडलेच तर? भांडण करू नकोस, आधी लिही: किती रक्कम येणं आहे, कुठली कपात मान्य नाही, कापलेल्या रकमेचं बिल दाखवा, आणि पंधरा दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, पगार कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे फार कमी बायकांना माहीत असतं. केस दाखल करायच्या आधीच लोकअदालतीत समेटासाठी अर्ज करता येतो आणि नुसती तिथली नोटीस गेली तरी बरेच मालक बोलायला तयार होतात. पैसे वसूल करण्यासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची असते. म्हणून करार, दोन्ही व्हिडिओ, भाड्याच्या नोंदी आणि सगळे मेसेज तेवढा काळ पुसू नकोस. तुझ्या मैत्रिणीलाही हाच रस्ता मोकळा आहे, तिला आजच सांग.